कृपया पुसू नये

१

मावशी सापडली. जिवंत सापडली, चिडलेली सापडली, आणि सापडल्यावर माझ्याकडे बघून ती जो पहिला शब्द बोलली तो योग्य जागी सांगेन.

आता हे आपण वाचलेलंच नाही असं समजा. मावशी सापडलेली नाही. ती कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. मला त्या दिवशी शेवट ठाऊक नव्हता, आणि एकट्यानं घाबरणं मला जमत नाही. सोबत लागते.

तर मावशी नाहीशी झाली ती एका कॉलेजच्या तपासणीत, भर दिवसा, पंखे चालू असताना.

आमच्या राज्यात कॉलेज काढायला जागा लागते, पाटी लागते आणि विद्यापीठाची मान्यता लागते. मान्यतेसाठी विद्यापीठ समिती पाठवतं. समिती येते, वर्ग बघते, प्रयोगशाळा बघते, गुच्छ घेते, जेवते आणि पुढच्या कॉलेजला जाते. राज्याच्या कानाकोपऱ्यात अशा समित्या बारा महिने फिरत असतात. त्यातली एक आमची. अध्यक्ष होते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक: पांढरेशुभ्र केस, बातम्या वाचणाऱ्याचा आवाज. सदस्य माझी मावशी. ती रसायनशास्त्र शिकवते, म्हणजे संशय घेणं हा तिचा पेशाच. आणि लेखनिक मी. मावशी-भाचा एका समितीत असू नयेत असा नियम आहे, म्हणून चारचौघांत मी तिला 'मॅडम' म्हणायचो आणि ती मला 'अहो लेखनिक'. चारचौघं पांगले की मी 'गाढव' व्हायचो. मला दुसरंही एक नाव आहे, पण ते तिला आठवावं लागतं.

मावशीला दमा आहे. धूळ, ओला रंग, अत्तर आणि खोटं बोलणारी माणसं, यांनी तिला धाप लागते. तिचा तोंडात मारायचा पंप माझ्या शर्टाच्या खिशात असायचा. "तुला खिसा आहे, मला नाही. काहीतरी उपयोग होऊ दे तुझा," असं तिचं म्हणणं.

म्हणजे त्या दुपारी मावशी जिथं कुठं होती, तिथं तिचा श्वास नव्हता. तो माझ्या खिशात होता, पेनाच्या शेजारी.

२

सकाळपासून सांगतो.

पहिलं कॉलेज गुलाबी होतं. इतकं ताजं गुलाबी की प्राचार्यांच्या कोपरालाही ते लागलेलं होतं. प्राचार्य उंच, वाकलेले आणि सतत घाम पुसणारे. त्यांनी गुच्छ दिला. मावशीला खोकला सुरू झाला.

तिचा खोकला कुठंही ओळखता येतो. दोन छोटे, एक लांब, आणि शेवटी एक "हं", जणू खोकल्याचं म्हणणं तिला पटलं. मी पंप दिला. तिनं ओढला, परत माझ्या हातात कोंबला आणि हळूच म्हणाली, "रंग फक्त पुढच्या बाजूला दिलाय. वळणावर भिंत जुनीच आहे."

"रंग संपला असेल."

"गाढवा, माणसं रंग संपवतात तेव्हा डबे दिसतात."

प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला. मावशीनं फोन तिथंच चार्जिंगला लावला. फोनला तिनं कधी कुलूप घातलं नव्हतं. तिच्या मते कुलूप दिसलं की चोराला उत्साह येतो. चहा संपवून अध्यक्ष उठले. "चला, जातो मी. वर्ग बघून घेऊ."

"जातो काय, अहो?" मावशी म्हणाली. "येतो म्हणावं. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"मॅडम, मी इतिहासाचा माणूस. आमच्याकडे जे जातात ते परत येत नाहीत."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मी लेखनिक होतो.

रसायनशास्त्राची प्रयोगशाळा लांबट होती. तिला समोरासमोर दोन दारं. एकातून आम्ही आत आलो, दुसऱ्याला भलंमोठं लोखंडी कपाट टेकवलेलं. बाजूच्या भिंतीत आणखी एक बारकं दार, बाहेरून कडी घातलेलं. आत स्टोअर आहे असं प्रयोगशाळेचा परिचर म्हणाला. परिचर म्हणजे किल्ल्यांचा एक जुडगा आणि त्याला लटकलेला एक किडकिडीत माणूस.

"दोन दारं कशाला?" मावशीनं विचारलं.

"आग लागली तर, मॅडम."

"आणि कपाट? आगीनं बाहेर जाऊ नये म्हणून?"

परिचरानं प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी घामाकडे बघितलं. डोक्यावरचा पंखा फिरताना टक-टक-घर्र असा आवाज करत होता.

मावशीनं खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'गाढव इथे येऊन गेला.' त्याभोवती चौकट आखली आणि खाली लिहिलं: 'कृपया पुसू नये.'

"हे काय आहे, मॅडम?" परिचर म्हणाला.

"चाचणी."

"कसली?"

"ते चाचणी झाल्यावर कळतं."

परिचरानं मान डोलावली. जो माणूस शिकवण्याच्या धंद्यात आहे त्याला 'कृपया पुसू नये' याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आमच्या विद्यापीठात एका वर्गाच्या फळ्यावर एका सभेची सूचना आहे. सभा केव्हाच होऊन गेली, बोलावणारे सर निवृत्त झाले, ज्या विषयावर सभा होती तो अभ्यासक्रमातून गेला. पण खाली ते तीन शब्द आहेत, म्हणून आजही शिक्षक उरलेल्या फळ्यावर तिरके उभे राहून शिकवतात.

सगळे दाराकडे वळले तेव्हा मी तोच खडू घेतला आणि 'गाढव'मधल्या 'व'ला एक शेपूट काढली. टोकाला गोंडा काढताना खडू मोडला, त्यामुळं गोंडा अर्धाच राहिला. हा शुद्ध सूड होता. विज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता.

बाहेर पडून आम्ही परत प्राचार्यांच्या खोलीशी आलो तोच मावशी थांबली.

"मी जरा येते," ती म्हणाली आणि मागं वळली.

"पंप देऊ?"

"आत्ताच तर घेतला. येते रे."

३

ती आली नाही.

आधी मी नेहमीसारखा वाट बघत बसलो. मग जेवणाची ताटं लागली, आणि मावशीचं ताट झाकून ठेवायची वेळ आली. मी उठून प्रयोगशाळेकडे गेलो. दाराला भलंमोठं कुलूप. मी चारचौघांतल्या हळू आवाजात 'मॅडम' अशी हाक मारली. आतून फक्त पंखा: टक-टक-घर्र.

कुलूप लावलेल्या खोलीत पंखा कुणासाठी चालू आहे, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. तो दुपारी आला.

परिचर व्हरांड्यात भेटला. "मॅडम? त्या गेटकडे गेल्या असतील."

"तुम्ही बघितलं?"

"नाही. पण माणसं जातात ती गेटकडेच जातात ना, साहेब."

ग्रंथपालबाई दारातच उभ्या होत्या, आत जाऊ न देण्याच्या बेतानं. "मी काही बघितलं नाही. मी ग्रंथालयात असताना काही बघत नाही."

"काही ऐकलं?"

"शांतता राखा असं आम्हीच लिहितो. मग ऐकणार कसं?" त्यांचा आवाज मात्र कापत होता. त्या घाबरलेल्या आहेत हे मला दिसलं. कशाला, ते दिसलं नाही.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम रागावल्या का? गुच्छ लहान पडला का?"

मी त्यांच्या खोलीत शिरलो. चार्जरची वायर भिंतीवरून लोंबत होती. फोन नव्हता. प्रयोगशाळेतून परतल्यावर त्या खोलीत प्राचार्य बसले होते, परिचर कप उचलायला आला होता, ग्रंथपालबाई सह्या घ्यायला आल्या होत्या, आणि आमचे अध्यक्ष जरा पाय मोकळे करून येऊन सोफ्यावर डुलकी काढत होते. चार माणसं, आणि कुलूप नसलेला एक फोन.

तेवढ्यात माझा फोन वाजला. समितीच्या ग्रुपवर मावशीकडून निरोप आला होता:

'मी संस्थेच्या गाडीने पुढच्या कॉलेजला जाते.'

"बघा!" अध्यक्ष हात पुसत म्हणाले. "मॅडमना कामाची घाई. आपणही निघू. पुढचं कॉलेज लांब आहे, डोंगरापलीकडे. मी आयुष्यात कधी तिकडं गेलेलो नाही, रस्ता कसा आहे कोण जाणे."

"संस्थेची गाडी गेली?" मी प्राचार्यांना विचारलं.

"गाडी? हो. गाडी. आहे ना आमच्याकडे. गेली असेल."

मी तो निरोप परत वाचला. परत फोन लावला. बंद. परत वाचला. वाक्य साधं होतं, पण माझ्या मानेवर काटा उभा राहिला, आणि तो कशामुळं हे मला सांगता येईना. एखाद्याच्या घरी आपल्या माणसाची चप्पल दिसावी आणि आत आपलं माणूस नसावं, तसं वाटत होतं.

४

गाडी डोंगराला लागली. वळण, वळण, पुन्हा वळण. खिडक्यांना जाड पडदे होते. ऊन लागू नये म्हणून, असं चालक म्हणाला. मी पडदा सरकवला की अध्यक्ष म्हणत, "असू दे हो, लेखनिक. डोळ्यांवर येतं." मला मळमळत होतं. अर्धं वळणांमुळं, अर्धं खिशातल्या पंपामुळं. तो दर वळणाला छातीवर आपटत होता, जणू आतून कुणी ठोकतंय.

"सर, मॅडमना उशीर करून चालत नाही."

"का बरं?"

मी थांबलो. तिच्या दम्याबद्दल मला इतकं माहीत कसं, असा प्रश्न पुढं आला असता. "त्या रागावतात," मी म्हणालो.

"रागावू देत. पोहोचल्या असतील एव्हाना. चहा पीत असतील."

पण ती चहा पीत नव्हती.

दुसरं कॉलेज निळं होतं. पायऱ्यांवर एक ठेंगण्या, ठसठशीत प्राचार्या उभ्या होत्या. त्यांनी गुच्छ दिला. तो थोडा मलूल होता. मला वाटलं, ऊन.

"मॅडम कुठं आहेत?" मी गुच्छाच्या आधी विचारलं.

"कोण मॅडम?"

"आमच्या सदस्य. पुढं आल्या ना, गाडीनं."

"इथं कुणी आलेलं नाही. आम्हाला तर दोघंच येणार असा निरोप होता. दोनच खुर्च्या मांडल्यात."

समिती तिघांची. विद्यापीठाच्या पत्रात तिघं. मग दोघांचा निरोप कुणी दिला?

"सर," मी वळलो, पण अध्यक्ष नव्हते. ते जिन्याला वळसा घालून कुठंतरी गेले होते. थोड्या वेळानं रुमालाला हात पुसत आले. "हं, करा सुरुवात. लवकर आटपू."

"पोलिसांना कळवायला हवं, सर."

"अहो, मोठ्या बाई आहेत त्या. वाटेत गाडी थांबली असेल. तपासणी संपली की शोधू. शांतपणे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता.

५

वर्ग बघितले. मुलं वेगळी होती, सकाळच्या मुलांइतकीच घाबरलेली. मी लिहीत होतो, पण काय लिहीत होतो ते नंतर वाचलं तेव्हा कळलं: 'बाके पुरेशी आहेत' हे वाक्य तिथं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दिसतं, आणि सगळी हस्ताक्षरं माझीच आहेत.

मग रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. आत शिरलो. समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत मूलद्रव्यांचा तक्ता टांगलेला. बाकं आमच्याकडे तोंड करून. एका बाजूला मोठं कपाट. सगळं नवं, अनोळखी.

डोक्यावर पंखा फिरत होता. टक-टक-घर्र.

असे पंखे राज्यात पुष्कळ असतील, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला पटलं नाही.

आणि मग मला खोकला ऐकू आला.

दोन छोटे. एक लांब. फार दबलेले, भिंतीच्या आतून यावेत तसे. मी शेवटच्या "हं"ची वाट बघत राहिलो.

"हं" आला नाही.

मावशी डोंगराच्या पलीकडे राहिली होती. इथं तिचा खोकला येणं म्हणजे एकच गोष्ट, आणि ती मी मनातसुद्धा पूर्ण उच्चारली नाही. घरी आईला काय सांगू? तुझी बहीण गेली, पण खोकला पाठवून दिला?

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"उंदीर," अध्यक्ष चटकन म्हणाले.

"उंदीर खोकतात?"

"जुन्या इमारतीत खोकतात."

"सर, इमारत नवीन आहे असं तुम्हीच आत्ता लिहायला सांगितलंत."

मी मागं सरकलो, कारण पुढं जायची हिंमत नव्हती. सरकता सरकता माझी पाठ कशाला तरी टेकली. मी वळलो. फळा होता. कोपऱ्यात चौकट होती. चौकटीत लिहिलं होतं:

'गाढव इथे येऊन गेला. कृपया पुसू नये.'

६

मी ओरडलो. ते मी नाकारत नाही. प्राचार्याबाईही ओरडल्या, माझ्यामुळं.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. सकाळपासून... म्हणजे कालपासून आहे. खाली 'पुसू नये' आहे ना, म्हणून कुणी हात लावला नाही."

"कुठल्या तरी मुलाचा वाह्यातपणा," अध्यक्ष म्हणाले. "पुसा ते."

प्राचार्याबाईंनी डस्टर उचललं, आणि त्यांचा हात हवेतच राहिला. "पण सर, पुसू नये म्हटलंय."

मी फळ्याच्या इतका जवळ गेलो की नाकाला खडू लागला. 'व'ला शेपूट होती. शेपटीच्या टोकाला अर्धा गोंडा होता.

आणि गंमत अशी की भीती गेली नाही, पण तिला एकदम दिशा मिळाली.

"सर," मी म्हणालो, "बसा."

"लेखनिक, तुम्ही—"

"बसा. 'गाढव' हे मॅडमनी लिहिलं. त्या राज्यात कुठंही लिहू शकतात, त्या मला राज्यभर गाढव म्हणतात. माझी मावशी आहे ती. पण ही शेपूट मी काढली. आज सकाळी. गुलाबी कॉलेजात. इथं खडू मोडला तो माझ्या हातात. आता एक तर ही शेपूट आपल्या आधी डोंगर चढून आली, नाहीतर आपण कुठं गेलोच नाही. पडदे लावून डोंगरात गोल फिरलो आणि त्याच इमारतीत मागच्या बाजूनं शिरलो. पुढून गुलाबी, मागून निळी. ही तीच खोली आहे. सकाळचं दार त्या तक्त्यामागं आहे. गुच्छसुद्धा तोच आहे, बाई, तो उन्हानं नाही, कंटाळून सुकलाय."

प्राचार्याबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"हे भयंकर आहे," अध्यक्ष म्हणाले. आवाज अजून बातम्यांचाच होता. "संस्थेनं आपल्याला फसवलं. आपण अहवालात—"

"आपल्याला नाही. मला आणि मावशीला. सर, तुम्ही इथं आयुष्यात पहिल्यांदा आलात. मग स्वच्छतागृह न विचारता कसं सापडलं? मी इतकी कॉलेजं फिरलो. ते नेहमी जिन्यामागं, पाटी नसलेल्या दारात असतं, आणि दोघांना विचारल्याशिवाय सापडत नाही. तुम्ही सरळ गेलात आणि हात धुऊन आलात."

"हा काय पुरावा झाला?"

"आणि दोघंच येणार हा निरोप. मावशी येणार नाही हे फक्त त्याला माहीत होतं ज्यानं तिला येण्याजोगं ठेवलं नव्हतं. बाई, निरोप कुणाचा होता?"

प्राचार्याबाईंनी बोट उचललं नाही. फक्त अध्यक्षांच्या बुटांकडे बघितलं.

"आणि तिसरं." मी फोन काढून तो निरोप उघडला. "फोन परिचरही उचलू शकला असता, ग्रंथपालबाईही, प्राचार्यही. पण निरोपात होतं 'जाते'. माझी मावशी आयुष्यात 'जाते' म्हणालेली नाही. दूध आणायला निघाली तरी 'येते' म्हणते. दवाखान्यात शस्त्रक्रियेला नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून आडवी 'येते' म्हणाली. समितीत 'जातो' म्हणणारा एकच माणूस आहे. मला तेव्हाच काटा आला होता, फक्त कळलं आत्ता."

अध्यक्ष हसले. खरोखर हसले. "व्याकरणावरून माणूस पकडता, लेखनिक? तुमच्या मावशी रागावून घरी गेल्या असतील. संध्याकाळपर्यंत—"

मी खिशातून पंप काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा काय?"

"तिचा श्वास. तिला दमा आहे. ती धुळीत कोंडली असेल तर तिच्याकडे संध्याकाळ नाही."

त्यांचा चेहरा केसांच्या रंगाचा झाला. "दमा? मला... मला कुणी सांगितलं नाही." आणि त्यांनी कपाटाकडे बघितलं. फळ्याकडे नाही, दाराकडे नाही. कपाटाकडे.

मग मला ते बारकं दार आठवलं. स्टोअरचं. सकाळी त्या भिंतीला दार होतं. आता तिथं कपाट होतं.

७

कपाट मी ढकललं. प्राचार्याबाईंनी ढकललं. शेवटी अध्यक्षांनीही ढकललं, आणि सगळ्यात जास्त जोर त्यांचाच होता, हे न्यायानं सांगायला हवं. कपाट जमिनीवर किंचाळत सरकलं. मागं दार. दाराला कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती. नुसती कडी, बाहेरून लावलेली. लहान पोरानंही काढली असती. फक्त बाहेरून.

आत अंधार आणि धूळ. एका आडव्या पाटीवर मावशी बसली होती, पदर तोंडावर घट्ट धरून, डोळे मिटून. ओठांचा रंग मला आजही सांगायचा नाही. मी पंप तिच्या तोंडाशी नेला. घाईत पहिल्यांदा तो तिच्या कानात गेला.

तिनं ओढला. थांबली. पुन्हा ओढला. डोक्यावर पंखा तेवढा फिरत होता.

आणि मग आलं: "हं."

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं.

"गाढवा," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि रडलो. लेखनिकाच्या कर्तव्यात ते येत नाही, पण मनाईही नाही.

"परिचर कपाट लावत होता तेव्हा मी दार वाजवलं," ती धापा टाकत म्हणाली. "तो म्हणाला, गप रे उंदरांनो. स्टोअरात उंदीर आहेत असं यांनीच त्याला सांगून ठेवलं असणार. मग आवाजच फुटेना." तिनं बसायची पाटी उलटी केली. तिच्यावर रंग उडालेल्या जुन्या अक्षरांत निळ्या कॉलेजचं नाव होतं. मागं रचलेले जादाचे निळे पडदे, दुसऱ्या संस्थापकांचे फोटो, दुसरी घंटा. "मी हे बघायला आत आले. पाठीमागं पावलं वाजली, दार लागलं. आणि दार लावून हा माणूस बाहेरून काय म्हणाला माहितेय? 'थोडाच वेळ, मॅडम. जातो मी.' कोंडलेली असूनही मी आतून ओरडले, येतो म्हणा!"

अध्यक्षांनी पिशवीतून तिचा फोन काढला आणि टेबलावर ठेवला. मोडल्या आवाजात बोलले. दरवर्षी निळ्या कॉलेजला मान्यता त्यांच्याच सहीनं मिळत होती. निवृत्तीनंतर त्यांना तिसऱ्या कॉलेजचं संचालकपद मिळणार होतं. तिसरं कॉलेज कुठं, असं मी विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. ते गच्चीवरून सुरू होणार होतं.

तेवढ्यात तक्त्यामागचं दार उघडून सकाळचे प्राचार्य घाम पुसत आत आले. "आटपलं का गं? गुच्छ परत फुलवाल्याला..." आणि थिजले.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" मावशीनं प्राचार्याबाईंना विचारलं.

"नवरा आहे माझा," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "मॅडम आत आहेत हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो. आम्ही फक्त कॉलेज खोटं केलं."

बाहेर पडताना मी फोन करून बोलावलेले पोलिस आत येत होते आणि व्हरांड्यात दोन्ही कॉलेजांची मुलं एकत्र उभी होती. ती मात्र खरी होती. रोज एकाच बाकावर, सकाळी एक आणि दुपारी एक, आणि एकमेकांनी बाकावर कोरलेली नावं वाचून ओळख झालेली. मावशी त्यांच्यापाशी थांबली, बोलण्याइतका श्वास जमवला आणि म्हणाली, "तुमचं वर्ष वाया जाऊ देणार नाही. येते मी."

ती त्यांच्यासाठी अजून भांडते आहे. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली आहे. त्या समितीनं इमारतीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या भेटी द्यायचं ठरवलं आहे. फळा तसाच आहे, कारण पुसायची परवानगी कुणी द्यायची हे ठरलेलं नाही.

मी अजून नीट झोपत नाही. कुठल्याही बंद दाराजवळून जाताना कान लागतात. मावशी शेजारच्या खोलीत खोकली की मी शेवटच्या "हं"पर्यंत श्वास धरून बसतो. म्हणून खालील अर्ज केला आहे. पोच अद्याप आलेली नाही.

प्रति, मा. कुलसचिव. विषय: कड्यांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, राज्यातील सर्व संलग्न महाविद्यालयांमधील सर्व खोल्यांच्या दारांना बाहेरून असलेल्या कड्या तत्काळ काढून त्या आतून बसवण्यात याव्यात. आणि हे काम राज्यभर पूर्ण होईपर्यंत, समितीच्या सदस्य मॅडम ज्या ज्या खोलीत शिरतील त्या त्या खोलीत त्यांच्या आधी शिरण्याची व त्यांच्यानंतर बाहेर पडण्याची कायमस्वरूपी परवानगी सदर गाढवास मिळावी.